दुर्मिळ वनस्पतीला दोन गुण

काचेच्या पेटीत एक जुनी वही उघडून ठेवली होती. तिच्या डाव्या पानावरचं चार-पाच शब्दांचं इंग्रजी वाक्य निहारिकाने काचेला नाक लावून मोठ्याने वाचलं, आणि प्रल्हादरावांना वाटलं, ही आपलंच अक्षर वाचते आहे. तसं काही नव्हतं. वही एकशे साठ वर्षांपूर्वीच्या कुणा आयरिश बाईची होती. पानावर नेच्याचं, म्हणजे फर्नचं, एक वाळकं पातं चिकटवलेलं होतं. ते कधी काळी हिरवं असेल, अशी आपण आपली समजूत घालायची. आता त्याला दोनदा उकळलेल्या चहाच्या चोथ्याचा रंग आला होता. खाली तिरक्या, वळणदार अक्षरात नेच्याचं लॅटिन नाव, किलार्नीच्या डोंगरातला एक धबधबा, १८६३ सालच्या जूनमधली तारीख. आणि त्याखाली, दोन रेघांनी अधोरेखित केलेलं ते वाक्य: या जागेवरचं हे बहुधा शेवटचं.

"आबा," निहारिका म्हणाली, "हे लिहिताना तिला वाईट वाटत होतं, की ती भाव खात होती?"

ती बोलली इंग्रजीत. नात दहा वर्षांची. मराठी सगळं समजे, पण उत्तर डब्लिनच्या हेलातल्या इंग्रजीतच येई. पहिले पंधरा दिवस प्रल्हादरावांना ते पकडायला धाप लागायची. आता, मुलीकडे डब्लिनला येऊन दोन महिने झाल्यावर, कानात शिरता शिरताच त्याचं मराठी होऊन जात असे.

"वाईटच वाटलं असणार, बाळा," ते म्हणाले.

"मग खाली दोन रेघा कशाला मारल्या?"

ती पुढच्या पेटीकडे पळालीसुद्धा. ते तिथेच राहिले. छत्तीस वर्षं शाळेत घालवलेल्या माणसाला आपल्या आवाजातला खोटेपणा आधी स्वतःलाच ऐकू येतो. एखादा प्रश्न पुढे जायला नको असला की मास्तर उत्तर जरा जास्तच लवकर देतो, आणि देताना मुलाच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघतो. त्यांनी आत्ता भिंतीकडेच बघितलं होतं. भिंतीवर प्रदर्शनाची माहिती लिहिलेली होती. वाचनालयाच्या एका खोलीत मांडलेलं लहानसं प्रदर्शन. त्या काळातल्या लोकांच्या नेच्यांच्या वेडाचं. प्रल्हादराव चष्मा वर-खाली करत वाचत गेले. बायका हातात खुरपं नि खांद्याला पत्र्याचा डबा अडकवून डोंगरात जात. दुर्मिळ नेचा मिळाला की शहरातल्या धुरकट दिवाणखान्यात काचेच्या पेटीत लावत. पडद्यांवर नेचे, ताटल्यांवर नेचे, थडग्यांच्या दगडांवरदेखील नेचेच कोरलेले. गावची माणसं टोपल्या भरभरून ते प्रवाशांना विकत. इतकं प्रेम, की काही कडेकपाऱ्या दहा-वीस वर्षांत रिकाम्या झाल्या. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस काहीजण लिहू लागले, की बघा आणि असू द्या. भिंतीवरचा मजकूर कुणावरही रागावलेला नव्हता. तो रागावला असता तर प्रल्हादरावांना बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. पण तिथे नुसतं लिहिलं होतं की ही माणसं निसर्गावर मनापासून प्रेम करणारी होती. ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

परतताना दुमजली बसमध्ये निहारिका वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी बसली. झाडांच्या फांद्या काचेवर आपटत होत्या आणि प्रत्येक वेळी ती डोकं खाली घालून हसत होती. "शुक्रवारी तू ते पान आणशील ना?" तिने चौथ्यांदा विचारलं. शुक्रवारी तिच्या वर्गात आजी-आजोबांचा तास होता. कुणाचे आजोबा कालव्यावरच्या बोटींबद्दल बोलणार होते, कुणाची आजी विणकाम दाखवणार होती, आणि निहारिकाचे आबा भारतातून आणलेलं वनस्पतीचं पान दाखवून त्यांच्या शाळेतल्या पूर्णिमाची गोष्ट सांगणार होते. "आणीन की," ते म्हणाले. ते पान त्यांनी येताना दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, सदऱ्यांच्या घड्यांत ठेवून आणलं होतं. नातीला भेट म्हणून. घरातल्या सगळ्या चीजवस्तूंतून निवडलं होतं ते हेच.

जावळीच्या खोऱ्यात, एका पठाराच्या पायथ्याला त्यांची शाळा होती. तिथे नव्याने रुजू झाले तेव्हा ते पोरांना वनस्पतिसंग्रह करायला लावत. झाड मुळासकट हवं. फूल हवं. वर्तमानपत्रात घालून, वर पाटा ठेवून आठ दिवस वाळवायचं, रोज कागद बदलायचा. मग जाड कागदावर दोऱ्याने टाचायचं आणि उजव्या कोपऱ्यात नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं. ही रीत त्यांना कॉलेजातल्या प्राध्यापकांनी शिकवली, त्यांना त्यांच्या प्राध्यापकांनी, आणि असं मागे मागे गेलं की कुठे तरी गोरा साहेब, टोपी घालून सह्याद्रीत हिंडणारा. त्याची नि किलार्नीच्या त्या बाईची शाळा एकच. हे आज काचेपुढे उभं राहीपर्यंत त्यांच्या मनात आलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मुलं आपली कुंपणाकडचा टाकळा, आघाडा नि दारची सदाफुली आणून मोकळी होत. मग प्रल्हादरावांनी एक युक्ती काढली. दुर्मिळ वनस्पतीला जादा दोन गुण. काय जादू झाली! भाद्रपदातल्या रविवारी सबंध नववीचा वर्ग पठारावर. मेंढरांमागून जाणाऱ्या पोरांनासुद्धा लॅटिन नावं पाठ. तालुक्याच्या शिक्षकांना बोलावून त्यांनी ती युक्ती समजावून सांगितली होती, आणि त्या शिक्षकांनी ती वहीत उतरवून घेतली होती.

"बाबा, टेन्शन घेऊ नका हं," रेवती म्हणाली. क्लोनडॉकिनच्या ऑफिसातून ती नुकतीच ओंगार भागातल्या घरी पोचली होती आणि बूट न काढताच कुकर लावत होती. "दहा मिनिटं तर बोलायचंय. सगळं ग्रँड होईल. चहाचे मग त्या वरच्या प्रेसमध्ये आहेत." इथे ठीकठाकला ग्रँड नि कपाटाला प्रेस म्हणतात, हेही त्यांना आता अंगवळणी पडलं होतं.

"रेवती, ती पूर्णिमाची गोष्ट तुला आठवते?"

"म्हणजे काय! तोंडपाठ आहे. लहानपणी मला तिचा राग यायचा."

"का गं?"

"तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त आवडायची म्हणून." ती हसली. "मला सदतीस मार्क पडले होते ना बायोलॉजीत. तुम्ही म्हणाला होता, पूर्णिमा बघ, पावसात पठार चढून गेली."

"दुसरी एखादी सांगू का शुक्रवारी?"

रेवती एकदम वळली. "अहो, नको! तिने वर्गभर सांगून ठेवलंय, माझे आबा प्रॉपर सायंटिस्ट आहेत म्हणून. तुम्हाला माहीत नाही बाबा, गेल्या वर्षी ही बया मला म्हणायची, शाळेच्या गेटपाशी मराठी बोलू नकोस. डबासुद्धा सँडविचचाच. आता पहिल्यांदा स्वतःहून आपल्या घरचं माणूस नेतेय वर्गात." तिने आवाज खाली आणला. "प्लीज, काही बदलू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना प्रल्हादरावांनी पुठ्ठे उघडले. सगळ्या घरात फक्त फ्रिजची घरघर. खिडकीबाहेर एकसारख्या विटांच्या घरांची रांग, एकसारखी दारं, आणि एका दारापुढे उलटी पडलेली लाल सायकल. पानावर कंदीलपुष्पाचा वेल होता. गड्ड्यासकट. गड्डा सुकून सुपारीएवढा झालेला, वेल दोऱ्याने पाच जागी टाचलेला, आणि फूल म्हणजे एक तपकिरी, कागदासारखी नळी. कोपऱ्यात मुलीचं टपोरं अक्षर: पूर्णिमा, इयत्ता नववी, १९८६. त्याखाली लाल शाईत त्यांचं: या पठारावरची एकमेव नोंद. पुन्हा आढळली नाही. खाली रेघ मारली होती का, हे बघायचं त्यांना धैर्य होईना. मग बघितलं. एकच होती.

गोष्ट ते अशी सांगत: वाडीवरची एक मुलगी होती. तिने रोप आणलं नाही, नुसतं चित्र काढून आणलं. सर म्हणाले, बाळ, विज्ञानाला पुरावा लागतो. दुसऱ्या दिवशी ती भर पावसात दीड तास पठार चढून गेली, रोप घेऊन आली, आणि तिला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. चिकाटी, मुलांनो! दर वर्षी जूनमधल्या पहिल्या तासाला ते ही गोष्ट सांगत. निरोपसमारंभातही सांगितली. व्हिडिओ कॉलवर निहारिकाला तर इतक्यांदा, की ती आता मध्येच पुढचं वाक्य बोले. इतक्यांदा सांगितल्यावर गोष्टीच्या कडा झिजून गुळगुळीत होतात. हातात धरायला सोप्या पडतात. पण आता, समोर ते पान असताना, झिजून गेलेलं सगळं एकेक करून परत येत होतं. ती टेबलाजवळ उभी होती. परकराच्या काठाला चिखल. वहीच्या दुरेघी पानावर तिने खडूंनी काढलं होतं: खडकाची फट, कारवीचं झुडूप, त्यावर चढलेला वेल, आणि फूल, बुडाशी फुगीर नि दुधाळ, गळ्याला जांभळे ठिपके, आणि वर पाच पाकळ्या एकमेकींना टेकवून केलेला इवला हिरवा पिंजरा. पिंजऱ्याच्या तोंडाशी एक माशी. माशीसुद्धा काढली होती पोरीने. आणि तिने म्हटलं होतं, "एकच हुतं सर. म्हनून म्या न्हाई उपाटलं."

हे वाक्य गोष्टीत कधी नव्हतंच. ते कसं गळलं? मुद्दाम काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी तिला तेव्हा प्रेमाने समजावलं होतं, खरंच प्रेमाने, डोक्यावर हात ठेवून. रागावले असते तर कदाचित ती अडून बसली असती. दुसऱ्या दिवशी तिने रोप टेबलावर ठेवलं. गड्ड्याची माती ओली होती. सर्वांना दिसावं म्हणून त्यांनी ते उंच धरलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि ती फळ्याखालच्या खडूच्या भुकटीकडे बघत राहिली. पुढे ती नेमाने रोपं आणू लागली, टाकळा, आघाडा, जे सांगाल ते. चित्र तिने पुन्हा काढलं नाही. पुढच्या भाद्रपदात ते स्वतः त्या खडकाशी गेले होते. कारवी होती. आजूबाजूला खुरप्याने उकरलेले वीतभर खड्डे होते, कितीतरी; दोन गुणांसाठी आणखीही मुलं तिथवर येऊन गेली होती. त्यांना वाटलं होतं, वा, पोरं कष्ट घेतायत.

शुक्रवारी वर्गात वीसेक मुलं चटईवर बसली होती. ब्रेननबाईंनी, म्हणजे निहारिकाच्या वर्गशिक्षिकेने, त्यांना मोठी खुर्ची दिली. ते उभेच राहिले, बसून शिकवणं त्यांना जमत नसे. निहारिका पहिल्या रांगेत, पाठ ताठ, दोन्ही वेण्या पुढे. त्यांनी पुस्तकी इंग्रजीत सुरुवात केली. पठार सांगितलं, धुकं सांगितलं, शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, हे सांगितलं आणि मुलं हसली. मग पान उंच धरलं. हात वर जाताना त्यांना आपला जुना हात आठवला. निहारिका ओठांतल्या ओठांत गोष्टीचं पुढचं वाक्य म्हणत होती; आता पूर्णिमा येणार होती. दहातली सहा मिनिटं झाली होती. ही चार मिनिटं नेहमीसारखी गेली की सगळं ग्रँड.

"हिचा रंग कुठला होता?" मागून एका मुलीने विचारलं.

त्यांनी पानाकडे बघितलं. पानावर रंग नव्हता.

"पांढरा," ते म्हणाले, "गळ्याशी जांभळे ठिपके. वर हिरवा पिंजरा." मग त्यांनी पान खाली घेतलं. "पण हे मला या पानावरून माहीत नाही. एका चित्रावरून माहीत आहे. आणि त्या चित्राला मी शून्य दिलं होतं."

मग ते सांगत गेले. इंग्रजी अडखळलं तिथे अडखळू दिलं. पूर्णिमा जे बोलली ते आधी तिच्या बोलीत म्हणून दाखवलं, मग त्याचा अर्थ सांगितला. ते एकच होतं. तिला ते कळलं होतं, शिक्षकाला नाही. शिक्षकाने प्रेमाने तिला परत पाठवलं. या वेळी ते भिंतीकडे बघत नव्हते. पहिल्या रांगेकडे बघत होते. "निहारिका, त्या दिवशी तू मला वहीबद्दल विचारलंस. मी चुकीचं उत्तर दिलं. ती बाई भाव खात होती. मला ते अक्षर ओळखू आलं, कारण मीही तेच केलंय."

"मग तुम्हाला शिक्षा झाली?" एका मुलाने विचारलं.

"नाही. मला आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला."

सगळा वर्ग हसला. ब्रेननबाईही हसल्या आणि मग हसू आवरून खिडकीकडे वळल्या. निहारिका हसली नाही. तिची पाठ आता ताठ नव्हती. ती चटईचा एक सुटा धागा बोटाला गुंडाळत होती, घट्ट, बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत.

शाळा सुटल्यावर दोघं नेहमीप्रमाणे कालव्याच्या काठाने निघाली. रोज ती त्यांच्या हाताला लोंबकळत चाले. आज दहा पावलं पुढे. प्रल्हादरावांनी हाक मारली नाही. पाण्यावर बदकं होती, एक माणूस कुत्रा घेऊन गेला, "ग्रँड डे," म्हणाला, त्यांनीही मान हलवली. त्यांना वाटलं, रेवतीला काय सांगायचं? की पोरीने पहिल्यांदा मान वर करून घरचं माणूस नेलं, आणि त्याने भर वर्गात तिची गोष्ट मोडून टाकली. महिन्याभराने ते परत जाणार होते. पुन्हा यायला गुडघे साथ देतील असं नव्हतं. चार मिनिटं गप्प बसले असते तर ती आत्ता हात झुलवत चालली असती. आणि पुढे कधी तरी, मोठी झाल्यावर, तिने ते लाल अक्षर स्वतःच वाचलं असतं.

"पूर्णिमा रडली होती?" पुढूनच, मागे न बघता.

"नाही."

"तुला कसं माहीत?"

"माहीत नाही. मी रोपाकडे बघत होतो."

पुन्हा काही पावलं. "सॉरी म्हणालास तिला?"

"नाही अजून. लग्न होऊन गेली ती, कुठे ते ठाऊक नाही. बघतो."

"मम्मी म्हणते, आबा बघतो म्हणाला म्हणजे नाही."

"शोधतो," प्रल्हादराव म्हणाले. "गावात एकाला फोन करतो. उद्या. तू समोर बस."

ती थांबली. जुन्या दगडी पुलाच्या अलीकडे काठाचा उतार गुडघाभर गवताने भरलेला होता. ती उताराकडे बघत उभी राहिली आणि दप्तराचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "तुझ्यासाठी एक गंमत होती," ती म्हणाली. "तू जाशील तेव्हा द्यायची होती. तुझ्या जाड डिक्शनरीत दाबून, वाळवून. खाली लेबल लावून." तिने खालचा ओठ दातांत धरला. "आता तुला दाखवावी की नाही, मला कळत नाहीये."

"नको दाखवू," ते म्हणाले. त्यात रुसवा नव्हता. ते मनापासून म्हणाले. नाही दाखवली तरी ते इथूनच, या वाटेवरून, तिच्या शेजारी चालत घरी जाणार होते, आणि त्यांना ते पुरेसं वाटलं. "ती तुझी माहिती आहे. तूच ठरव."

निहारिकाने त्यांच्याकडे निरखून बघितलं. पेपर तपासताना बघतात तसं. वाऱ्याने गवत एका बाजूला झुकलं, परत उभं राहिलं.

"हात कुठे ठेवशील?" तिने विचारलं.

प्रल्हादरावांनी पुठ्ठ्यांची पिशवी वाटेवर ठेवली आणि हाताची घडी घातली. आयुष्यभर हजारो पोरांना घालायला लावली होती. स्वतः घातल्याला साठ वर्षं तरी झाली असतील.

"आणि कुणाला सांगायचं नाही. मम्मीलापण नाही."

त्यांनी एक हात तसाच छातीशी ठेवून दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. तिला ते नवीन होतं. ती फसकन हसली आणि हसू लपवायला वळून उतारावर चालू लागली. ते मागोमाग, जपून, तिने पाय ठेवला तिथेच पाय ठेवत. एका जागी ती उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. आधी त्यांना नुसती मधमाशी दिसली. गुलाबी पाकळ्यांवर निवांत बसलेली, मखमली, तपकिरी. वारा आला, देठ हलला, मधमाशी उडाली नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, मधमाशी नव्हतीच. फुलाचाच तो आकार होता. आमरी, म्हणजे ऑर्किड. आसपास दुसरी कुठेच नव्हती. गुडघे करकरले तरी ते वाकत गेले, अगदी तिच्या उंचीइतके, आणि बघत राहिले. किती पाकळ्या, कुठला रंग कुठे संपतो, देठावर पानं कशी लागली आहेत. काही लिहून घ्यायचं नव्हतं.

"आबा," निहारिका हळूच म्हणाली.

"काय गं?"

"जरा इकडे सरक. तुझी सावली पडतेय तिच्यावर."

ते सरकले.